माईक बंद होता

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फक्त घशाच्या गोळ्या आणायला बाहेर पडले होते. औषधांचं दुकान शाळेच्या समोरच आहे. दुकानदाराच्या मुलीला मी दोन वर्षं भूमिती शिकवली, त्यामुळं नुसतं ‘गोळ्या द्या’ म्हणून पैसे ठेवून परत फिरणं मला जमण्यासारखं नव्हतं. मुलीचं कसं काय चाललंय ते विचारायला मी तोंड उघडलं, आणि घशातून गंजलेल्या बिजागरीचा असतो तसा एक आवाज आला. त्यापुढं काहीच आलं नाही. दुकानदार गोळ्या पुढं करता करता थांबला आणि म्हणाला, “बाई, हे गोळ्यांचं काम नाही. डॉक्टर गाठा.”

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला. समोरच्या पडद्यावर माझेच स्वरतंतू मला दिसले, दोन पांढुरक्या पट्ट्या आणि दोन्हींवर मोहरीएवढी एकेक गाठ.

“एकवीस वर्षं ओरडताय वर्गात,” डॉक्टर म्हणाले. “आता दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं नाही. ओठ हलवून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचंसुद्धा नाही. त्यानंही घशावर ताण येतोच.”

शेजारी माझा नवरा बसला होता. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “डॉक्टर, दोनच महिने? चार केलेत तरी आमची काही तक्रार नाही.”

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी त्याला कोपरानं ढोसलं.

माझी मोठी बहीण तर फोनवर खो खो हसली. “उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तुझा जन्म गेला. बघू या किती दिवस टिकतेस!” म्हणाली. सगळ्यांना गंमत वाटत होती. मला नव्हती वाटत, कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं होतं.

“दोन महिने मी सांभाळून घेते,” त्या म्हणाल्या होत्या. “पण आवाज परत आला नाही तर तुम्हाला वर्गावर कशी ठेवू? कार्यालयात एक जागा आहे. दाखले लिहायचे, फायली लावायच्या. वाईट वाटून घेऊ नका.”

मी वाईट कसं वाटून घेणार नाही? वर्ग हे माझं घर आहे. तिथल्या फळ्यासमोर उभी राहिले की माझं डोकं दुखायचं थांबतं, ताप उतरतो, घरचं भांडण विसरायला होतं. दाखले लिहीत बसायचं म्हणजे मी चार महिन्यांत वाळून गेले असते.

तर, न बोलता शिकवायचं होतं.

मला ती युक्ती सुचली तो दिवस आठवला तरी अजून अंगात वीज खेळते. मी गळ्यात एक छोटी पांढरी पाटी अडकवून सातवी ब वर गेले होते. मुलांनी माझी पुरती फिरकी घेतली, “बाई, हाताची घडी, तोंडावर बोट!” असं मलाच म्हणाली. फळ्यावर कोन काढला, कंपासनं कंस मारले, पण बोलल्याशिवाय त्या नुसत्या रेघा. मुलांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शाळा सुटल्यावर मी रडवेली होऊन कॉम्प्युटर सरांच्या खोलीत जाऊन बसले. ते तेव्हा नव्या शिक्षकांना हजेरी कशी भरायची ते दाखवायला आपल्याच पडद्याचं रेकॉर्डिंग करत होते. माऊसचा बाण फिरत होता, त्याच्याभोवती पिवळं वर्तुळ होतं, आणि जिथं तो जाईल तिथं माझी नजर आपोआप जात होती.

मी पाटीवर लिहिलं, ‘हे मला शिकवा. आत्ता.’

सर हसले. “आत्ता? मी घरी निघालोय हो.”

मी ‘आत्ता’च्या खाली तीन रेघा मारल्या.

दोन दिवसांत मी तयार झाले. रिकाम्या वर्गात बसायचं, पडद्यावर कोन काढायचा, कंस मारायचे, दुभाजक ओढायचा, आणि सगळं रेकॉर्ड करायचं. मग त्यातला नेमका अवघड तुकडा, चार-पाच सेकंदांचा, कापून त्याचं हलतं चित्र करायचं. मुलं त्याला जिफ म्हणतात. वर्गात आधी सबंध रेकॉर्डिंग दाखवायचं, मग हे चित्र. कंपासचं टोक टेकतं, कंस निघतो, दुसरा कंस त्याला छेदतो, रेघ येते, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. ज्याला कळलं त्यानं वही उघडावी, ज्याला नाही कळलं त्यानं बघत राहावं. कुणाला ‘बाई, परत सांगा’ म्हणायची लाज नको, आणि बाईंनी कंटाळून ‘किती वेळा सांगू!’ म्हणायलाही नको.

काय सांगू तुम्हाला! जो लंबदुभाजक दर वर्षी मी तीन तास घसा फोडून शिकवायचे, तो या मुलांना वीस मिनिटांत आला. मागच्या बाकावरचा एक जण, जो कोनमापक आजवर उलटा धरत होता, तो एकदम उभा राहून “हाऽऽ! असं होय!” म्हणाला. मी घरी आले ती जवळजवळ नाचतच. नवऱ्याला पाटीवर लिहून लिहून सगळं सांगितलं, तीन वेळा पाटी पुसली. तो म्हणाला, “मला वाटलं होतं शांतता मिळेल. आता वाचायचंही काम वाढलं.”

एक चूक मात्र माझी होत होती, आणि ती मला कळत होती. रेकॉर्डिंग करताना माऊस कुठं थांबवायचा, किती वेळ थांबवायचा, हे माझ्या हाताला कळत नव्हतं. ते माझ्या जिभेला कळतं. ‘आता इथं टोक ठेवा… हलवायचं नाही हं… आता असा मोठ्ठा कंस…’ असं म्हटल्याशिवाय माझा हात पुढं सरकतच नाही. म्हणून मी ते म्हणत असे. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. कॉम्प्युटर सरांनी सांगितलं होतं, “बाई, मनात एक-दोन-तीन मोजा आणि बाण हलवा.” डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते वर आलंच आहे. पण रिकाम्या खोलीत कोण बघतंय? माईक तर पहिल्या दिवसापासून बंद होता. मी रोज दुपारी तासतासभर त्या मुक्या शब्दांचा पाऊस पाडत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी वह्या तपासायला घरी आणल्या.

सातवी ब मध्ये एक मुलगी आहे, तिला मुलं टिपकागद म्हणतात. वर्गात जे बोललं जाईल ते ती टिपून घेते, विनोदसुद्धा. तिची वही वर होती. कोनदुभाजकाची सुबक आकृती, आणि खाली लिहिलेलं : ‘बाई म्हणाल्या, अगं माझे राणी, कंपास धरलास की लाटणं?’

मला हसू आलं. हे माझंच वाक्य. एकवीस वर्षं दर सातवीला मी ते ऐकवत आलेय. पण या सातवीला नव्हतं ऐकवलं. कंपासचा धडा सुरू झाला तेव्हा माझा आवाज गेलेला होता.

पोरगी कुठून तरी मागच्या वर्गाकडून ऐकून आली असेल, असं म्हणून मी दुसरी वही उघडली. ‘कंपास धरलास की लाटणं?’ तिसरी. चौथी. कुणी शुद्ध, कुणी अशुद्ध, कुणी समासात, कुणी आकृतीच्या पोटात. अडतीस वह्या. आणि पुढं आणखी होतं. ‘रेघ लांबली तर लांबू दे, रबर हे भित्र्यांचं हत्यार आहे.’ हेही माझंच. हे मी रेकॉर्डिंग करताना ओठांनी म्हटलं होतं, मला स्पष्ट आठवत होतं. परवा दुपारी, चार वाजता, दार आतून लावून.

हातातलं लाल पेन कधी खाली पडलं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘लाटण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?’

वर्ग हसला. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. “तुम्हीच बाई!” टिपकागद म्हणाली. “पडद्यावर बोलता की! कंस काढताना.”

मी मान हलवली. नाही.

“बोलता की हो बाई…” तिचा चेहरा जरा उतरला. “रोज बोलता.”

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या खूप रागावलेल्या होत्या. “डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय आणि तुम्ही बसून आवाज रेकॉर्ड करताय? मी आज व्हरांड्यातून जात होते, तुमचं अख्खं व्याख्यान ऐकलं! असा घसा बरा होणार आहे का? मग मला नंतर काही म्हणू नका.” मी पाटीवर ‘मी बोलत नाही’ असं लिहिलं. त्यांनी ती पाटी हातानं बाजूला केली.

मी धावत कॉम्प्युटर सरांकडे गेले. त्यांनी माझं रेकॉर्डिंग उघडलं. आवाजाची जी रेघ खाली दिसते, बोलताना जिच्यात डोंगर-दऱ्या उठतात, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती. सरांनी ती मोठी करून पाहिली. आणखी मोठी केली. मुंगीचं पाऊलही नव्हतं तिच्यात.

“आवाज नाहीये याच्यात,” ते म्हणाले. “मोठ्या बाईंनी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं असेल. आणि बाई…” ते थांबले. उठून त्यांनी कपाट उघडलं. आत वायरी गुंडाळलेले दोन काळे खोके होते. “सातवी ब चे स्पीकर तर इथं आहेत. दुरुस्तीला काढून पंधरा दिवस झाले.”

मग सरांनी कपाट लावलं आणि विनाकारण किल्ली फिरवली.

तिसऱ्या तासाला मी ठरवून मागं जाऊन उभी राहिले. खिडक्यांचे पडदे ओढलेले. बाहेर भर दुपार होती, तरी आत तळघरासारखा काळोख, आणि प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. तापलेल्या धुळीचा वास येत होता. पडद्यावर माझा त्रिकोण उमटला. पिवळं वर्तुळ एका बिंदूवर जाऊन थांबलं, आणि अडतीस डोकी एकाच वेळी किंचित पुढं झुकली. मुलं ऐकत होती. ऐकणारं मूल पाठीमागूनसुद्धा ओळखू येतं, मानेवरून. मी कान टवकारले. पंख्याची घरघर. दूर कुठंतरी नळ गळत होता. बाकी काही नाही.

मग सगळा वर्ग खदखदून हसला.

सगळे एकाच क्षणी, आणि मग हळूहळू शांत. टाळ्या घेणाऱ्या माणसाला माहीत असतं कुठं थांबायचं, तसं कुणीतरी त्यांना हसून घ्यायला वेळ दिला होता. मी पुढं वाकून जवळच्या मुलाच्या खांद्याला हात लावला आणि पाटीवर लिहून विचारलं, ‘काय म्हणाली?’

त्यानं वळून ओठांवर बोट ठेवलं. “शू… बाई, ऐकू द्या ना…”

आता खोटं कशाला सांगू? मी घाबरले, रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी उकळत होतं, आणि तो आनंद होता. मी बोलत नव्हते आणि तरी मुलं माझ्या बोलण्यावर हसत होती! माझा आवाज गेला नव्हता, वर्गातच होता! बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. माझी तर न बोलता हातोहात खपत होती. भुताला घाबरावं, पण स्वतःच्या आवाजाला कसं घाबरायचं? सकाळी उठले ती उत्साहानं, आणि त्या आठवड्यात मी अकरा नवी रेकॉर्डिंग केली. ओठ हलवून, हातवारे करून, मन भरून.

घटक चाचणीत सातवी ब पहिली आली. सबंध शाळेत. मोठ्या बाईंचा राग कुठल्या कुठं पळाला. त्यांनी माझी रेकॉर्डिंग सहावीला दाखवली, आठवीला दाखवली. शिक्षकांच्या खोलीत लोक माझ्याकडे वळून बघायचे. “काय गोड बोलता हो तुम्ही पडद्यावर,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. “समोर असताना एवढ्या गोड कधी नव्हतात.”

ते मला लागलं. कारण ते खरं असणार होतं.

मी पुन्हा वह्या मागवल्या. या वेळी टिपकागदची एकटीच घरी आणली आणि मागच्या पंधरा दिवसांची पानं एकापाठोपाठ वाचली. सुरुवातीला माझीच वाक्यं होती. मग हळूहळू माझी नसलेली. ‘बाई म्हणाल्या, घाई नाही, मी कुठं जाणार आहे?’ मी असं कधी म्हटलं नव्हतं. मला नेहमीच घाई असते. ‘बाई म्हणाल्या, उद्या वर्तुळाची जीवा.’ जीवेचं रेकॉर्डिंग मी केलंच नव्हतं, पण पुढच्या पानावर जीवेचा पूर्ण धडा होता, आकृत्यांसकट, आणि तो मी शिकवते त्यापेक्षा चांगला होता. आणि सोमवारच्या पानावर, समासात, तिच्या बारीक अक्षरात :

‘बाईंना विचारलं घसा कसा आहे. म्हणाल्या, इथं दुखत नाही.’

मी वही मिटली. मग पहिल्यांदा मला माझा आवाज हवासा वाटला. म्हणजे माझ्या घशात, माझ्या ताब्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या वर्गात मी दातांत पेन्सिल आडवी धरून रेकॉर्डिंगला बसले. ओठ हलणारच नाहीत अशी. मनात एक-दोन-तीन मोजत बाण हलवला. रेघ वाकडी आली, पण एक शब्दही उमटला नाही. घाम पुसून मी घरी गेले. सकाळी ते रेकॉर्डिंग वर्गाला दाखवलं. तास संपल्यावर मी टिपकागदच्या बाकापाशी गेले. ती वही झाकू बघत होती.

मी हात पुढं केला.

“बाई, तुम्हीच म्हणालात…” ती हळूच म्हणाली, आणि वही दिली.

‘बाई म्हणाल्या, पेन्सिल काढ आता. माझं मी बोलते.’

त्यानंतर मी रेकॉर्डिंग केलं नाही. सगळी पुसून टाकायची म्हणून कॉम्प्युटर सरांकडे गेले, तर त्यांनी सांगितलं की मोठ्या बाईंनी ती आठवडाभरापूर्वीच सगळ्या वर्गांच्या मशीनवर चढवली होती. पाचवीपासून दहावीपर्यंत. “आणि तुम्ही ती बंद करा म्हणालात तर कारण काय सांगू?” त्यांनी विचारलं. बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्याही वर्गात ती चालू होती.

दोन महिने पुरे व्हायला चार दिवस उरले होते. मी ते मोजून काढले. डॉक्टर ‘बोला’ म्हणाले की मी बोलणार, वर्गात उभी राहणार, मुलांना समोरासमोर ओरडून सांगणार, आणि पडद्याची गरजच उरणार नाही. माझ्या जिवाला तेवढा एकच आधार होता.

डॉक्टरांकडे आम्ही साडेअकराला पोचलो. नवरा बाहेर थांबला. डॉक्टरांनी माझी जीभ कापडात धरली, कॅमेरा आत सरकवला आणि पडद्याकडे बघितलं.

“वा! गाठी साफ गेल्या. एकदम स्वच्छ.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, “आता जरा बोलायचं थांबा, मला नीट बघू द्या.”

मी बोलत नव्हते. माझी जीभ त्यांच्या हातात होती.

मी तिरक्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. माझे स्वरतंतू थरथरत होते. उघडत होते, मिटत होते, क्षणभर थांबत होते, पुन्हा थरथरत होते. मी श्वास रोखून धरला. ते थांबले नाहीत. शब्दांच्या लयीत, वाक्यांच्या लांबीनं, मध्येच एखादा विराम घेत, मुलांना लिहून घ्यायला वेळ द्यावा तसा… भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. शाळेत तिसरा तास चालू होता.

“सवय जात नाही तुमची,” डॉक्टर हसले. कॅमेरा बाहेर काढून त्यांनी हात धुतले आणि कागदावर लिहिलं : आवाज उत्तम, वर्गावर जाण्यास हरकत नाही. “बोला आता. म्हणा काहीतरी.”

मी तोंड उघडलं. ‘धन्यवाद’ म्हटलं. सगळ्या ताकदीनं म्हटलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

“अहो, त्यात काय,” डॉक्टर म्हणाले. “माझं कामच आहे ते. तुमच्या मुलांना माझे आशीर्वाद सांगा.”

मुलांचा विषय मी काढला नव्हता.

गाडीत नवरा रस्त्यावर नजर ठेवून बोलत होता, हसत होता, मध्येच “खरंय, खरंय” म्हणत होता. त्याचे डोळे ओलावले होते. “किती दिवसांनी ऐकतोय गं तुला,” तो म्हणाला. “आणि अशी शांतपणे तर पहिल्यांदाच.” मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं. तो गिअर बदलत होता, त्याला दिसलं नाही.

मी स्वतःला समजावलं. आवाज आलाय ना? सगळ्यांना ऐकू येतोय ना? मग बिघाड माझ्या कानांत असेल. कानांचा डॉक्टर गाठू. आवाज महत्त्वाचा, वर्ग महत्त्वाचा. रात्रभर हेच घोकत सकाळी शाळेत गेले, तेव्हा खरं सांगते, छाती आनंदानं धडधडत होती. मोठ्या बाईंच्या टेबलावर दाखला ठेवला. त्यांनी उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. कार्यालयातली ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती.

सातवी ब मध्ये मी आधी पोचले. खिडक्यांचे पडदे सरकवून बांधून टाकले, वर्गात ऊन भरलं. प्रोजेक्टरची वायर भिंतीतून उपटली. पांढरा पडदा गुंडाळून वर नेऊन अडकवला. मग हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले, मुलं आत आली, बसली, वह्या उघडल्या. अडतीस चेहरे माझ्याकडे वळले. कितीतरी दिवसांनी फक्त माझ्याकडे.

मी मोठा श्वास घेतला. अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली.

मी फळ्यावर खडू आपटला. कुणी वर पाहिलं नाही. टाळी वाजवली. पहिल्या बाकावरच्या मुलीसमोर हात हलवला. तिची पापणी लवली, पण ती लिहीत राहिली. मी बाकांच्या मधून चालू लागले, भराभर, मागं, आणखी मागं, जिथून वर्ग मला नेहमी सगळ्यात जास्त आवडतो तिथं. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या मागं जाऊन उभी राहिले आणि त्याच्या खांद्यावरून वहीत डोकावले. शाई अजून ओली होती.

‘बाई म्हणाल्या, मागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय. तिकडं बघायचं नाही. आपण आपलं लिहीत राहायचं.’

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो शहारला. त्याची मान आखडली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यानं वळून पाहिलं नाही. एकानंही पाहिलं नाही.

मुलं गुणी आहेत माझी. बाईंचं ऐकतात.